भूतानचं सैन्य आणि माझी तोंडी परीक्षा

एम.ए.ला मी संरक्षणशास्त्र घेतलं, तेव्हा सटाण्याहून वडिलांचा फोन आला. "हाई काय शिक्षण शे?" मी बी.एड. करून शाळेत लागावं, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत काम करणाऱ्या मामांकडे राहून तिथल्याच कॉलेजात जात राहिले.

प्रबंधासाठी मी भूतानचं सैन्य निवडलं. वर्गातले बाकीचे चीन, रशिया, अमेरिकेवर लिहीत होते. एवढ्याशा सैन्यावर लिहिणार काय, असं प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी विचारून पाहिलं. मी विषय बदलला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक निवृत्त लष्करी अधिकारी आले होते. त्यांनी माझा प्रबंध चाळून बाजूला सारला. यांना विमानदल नाही, नौदल नाही, प्रशिक्षणही बरंचसं आपणच देतो, मग याला सैन्य कशाला म्हणायचं, असं ते म्हणाले. आमचे सर हसले.

मी बोलत सुटले. राजाच्या रक्षणाला वेगळं दल आहे, डोंगराळ सीमेवर लहान तुकड्या आहेत, वेळ आली तर साध्या नागरिकांना तयार करायची सोय आहे. त्या अधिकाऱ्यांनी मला थांबवलं.

"मोठा शेजारी चालून आला तर किती टिकतील?"

"फार नाही, सर. पण ते जिंकायला उभेच नाहीत. हे घर रिकामं नाही, आत यायचं तर लढून यावं लागेल, हे सांगायला उभे आहेत."

"हे भावनिक झालं."

"नाही, सर. हेच त्या सैन्याचं काम आहे. तिसरं प्रकरण वाचा."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, आत जाऊन माफी माग, मार्क वाचतील. घरी मामांनीही तेच सांगितलं. मी गेले नाही. वर्गात सगळ्यांत कमी मार्क मला पडले. त्या रात्री मी रडले, पण रागानं.

आता मी चांदवडच्या एका कॉलेजात हाच विषय शिकवते. अभ्यासक्रमात लहान देशांच्या सैन्यांना जेमतेम एक तास दिलाय. मी आठवडाभर घेते. प्राचार्यांनी एकदा कारण विचारलं. म्हटलं, बाकीचं शिकवून होतंय ना, मग हेही होऊ द्या.