आत चढलेला गंज

मूर्तिजापूरकडच्या त्या गावात पंगत बसली की लोक ताटाआधी डोमाजीला शोधत, कुणी आनंदानं, कुणी धास्तीनं. मिसरूड फुटल्यापासून बुंदीची बादली त्याच्याच हातात. ताटावर कुणी हात आडवा धरला, तर हा त्याच्या बोटांवरच बुंदी ओतायचा. वर विचारायचा, "लाजून राहिला काय बे?"

दुसरी खोड म्हणजे 'काहून'. कुत्रं निजायच्या आधी गोल काहून फिरते, वांगं चिरल्यावर काळं काहून पडते, असं त्याचं दिवसभर चालायचं. बायको शकुन म्हणायची, या माणसाचं लग्न 'काहून'शीच लागलं, मी नुसती करवली.

तर या डोमाजीला साखर निघाली. लिव्हरवर चरबीही निघाली. अकोल्याच्या दवाखान्यातली डॉक्टर प्राजक्ता पुण्याकडची, तरुण आणि जीव ओतून समजावणारी.

"काका, नुसती साखर नाही. शरीरात आतून सूज आहे."

डोमाजीनं पाय पाहिले, मग हात. "कुठी हाये? मले त दिसून नाई राहिली."

"ती दिसत नाही. आतल्या आत दाह होतो. आणि शरीराला हळूहळू गंज चढतो."

आता घोटाळा असा, की पुण्याकडं गंज चढतो लोखंडाला. वऱ्हाडात लोखंडाला लागतो तो जंग. गंज म्हणजे स्वयंपाकाचं मोठं पातेलं आणि तो चढतो चुलीवर. डोमाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत जाळ आहे आणि त्यावर गंज चढलाय! पुढचं त्यानं कान देऊन ऐकलं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. पुरीऐवजी ज्वारीची भाकर, रोज पालेभाजी, वरण किंवा उसळ, जवसाची चटणी. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातलं खायचं नाही, गोड जवळजवळ बंद. जेवताना भाजी आधी, भाकर मागून. आणि वाढप्यांसारखं दुपार टळेपर्यंत उपाशी राहून मग पुऱ्या-बुंदीवर तुटून पडणं साफ बंद.

हे शेवटचं त्याच्या जिव्हारी लागलं. मुलगा गोपाल सोबत होता, तो तिथंच म्हणाला, "बाबा, आता बादली सोडा. तुमी तिथं गेले का खानारच." बादली गेली तर गावात डोमाजीचं काय उरणार? साखरेचं नाव ऐकून न बसलेला धक्का त्याला आता बसला.

बाहेर बाकड्यावर सूर्यभान दिसला, त्याचा बालमित्र. पायाचं एक बोट नसलेला. ट्रॅक्टरखाली आलं, असं त्यानं गावाला सांगितलं होतं.

"तू इथं काहून बे?" डोमाजीनं विचारलं.

"तू काहून आला, त्याच्याचसाठी. लय वर्सं झाले मले साखर हाये. बोट त्याच्यातच गेलं."

"मंग पंगतीत सांगाचं नाई?"

"हात आडवा धरत होतो ना डोमा. तू हातावर वाढत होता."

सूर्यभाननं पंगतीला येणं का सोडलं, हे जगाला 'काहून' विचारणाऱ्या या माणसानं कधी विचारलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

घरी येऊन त्यानं शकुनला सांगितलं, "मॅडम म्हनते, पोटात गंज चढला. खालून जाळ बी हाये."

"मंग त्याच्यात शिजून काय राहिलं?" शकुननं सहज विचारलं.

झालं! डोमाजीला नवा नाद लागला. प्रत्येक घासागणिक तो गंजात काय पडलं याचा विचार करी. गोपालनं साखर मोजायचं मशीन आणलं होतं, ते कुणी न सांगता वापरू लागला. भाकर तीच, वरण तेच. एक दिवस भाकर आधी, दुसऱ्या दिवशी भाजी आधी. भाजी आधी गेली की आकडा बराच खाली राही. "जाळ कमी झाला व शकुन!" असं तो अंगणातून ओरडे, आणि शेजारीपाजारी घाबरून आपापल्या चुली बघत.

पुढच्या रिपोर्टात साखर उतरली. डॉक्टर खूश झाली.

"मंग गंज उतरला का मॅडम?"

"उतरला म्हणजे? अहो, गंज! लोखंडाला चढतो ना, तो."

"तो त जंग!" डोमाजी म्हणाला आणि आपल्या चुलीवरच्या गंजाची सगळी हकिगत त्यानं सांगून टाकली. डॉक्टर इतकी हसली की बाहेरची नर्स आत आली. "काका, माझा गंज राहू द्या. तुमचाच बरा आहे. फक्त जाळ वाढवू नका."

माघात गजानन महाराजांचा प्रकटदिन आला. गावच्या मंदिरात भंडारा होता. डोमाजी घरून अंबाडीची भाजी आणि भाकर खाऊन निघाला आणि सूर्यभानला अक्षरशः ओढत घेऊन गेला. बुंदीची बादली त्याच्यासाठी राखून ठेवली होती. त्यानं ती नाकारली आणि अंबाडीच्या भाजीची उचलली. ही भाजी महाराजांच्या नैवेद्याची, पण पंगतीत चिमूटभर वाढायची आणि पुढं सरकायचं, असा रिवाज. तिची बादली नवख्यांना देत. आज डोमाजी पळी भरभरून वाढत सुटला. "परसाद हाये, नाई म्हनाचं नाई!"

ओळीच्या टोकाला सूर्यभान बसला होता. डोमाजी समोर आला तसा त्याचा हात सवयीनं ताटावर आडवा आला.

डोमाजी थांबला. पळी तशीच वर राहिली. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पंगतीत विचारलं, "वाढू काय?"

सूर्यभाननं बादलीत डोकावून पाहिलं. हात बाजूला घेतला.

"वाढ ना बे," तो म्हणाला, "दोन पळ्या वाढ."