मागून येणारा ओ

"मंदाऽऽर! ओ दे रे!" मी वळणावरून मागे तोंड करून ओरडलो.

"ओ!" वरून आवाज आला. खणखणीत.

"नदीम, ऐकलंस ना? येतोय तो मागून. यल्ला, चल!" असं म्हणून मी ब्रेक सोडले आणि सायकल उतारावर घातली.

मंडळी, सगळी भानगड एवढीच आहे. बाकी जे खाली लिहितोय ते नुसतं या चार ओळींच्या अवतीभवतीचं. भूतबित मी कधी मानलं नाही. आमच्या कॉलेजच्या होस्टेलमध्ये एक प्रसिद्ध भुताची खोली होती. ती मी मुद्दाम मागून घेतली आणि तीन वर्षं घोरलो. भूतच खोली सोडून गेलं असावं, कारण माझं घोरणं ऐकून मेस बंद पडली होती... बरं, मेस नाही, पण वॉर्डनने स्वतःची खोली बदलली हे खरं.

तर ही माझी सवय. मी थोडं वाढवून सांगतो. उम्म अल कुवैनला मी एकदा मासा पकडला होता. मूळचा तो हाताच्या पंजाएवढा, पण दर पार्टीत वाढत वाढत आता होडीएवढा झालाय. माझी मुलगी सगळ्यांसमोर म्हणते, "बाबा, यू आर डुइंग द फिश अगेन." आमच्या घरात 'फिश' म्हणजे थाप. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी म्हणायला नको की आम्हाला कल्पना नव्हती.

मंदार म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मार्चमध्ये दहा दिवसांसाठी आमच्याकडे शारजाला आला होता. मे महिन्यात त्याचं लग्न. पठ्ठ्या माउंटन बायकिंगमधला पक्का. हिमाचलात देवदारांच्या जंगलातून, तळ्यांच्या काठाकाठाने सायकल हाणून आलेला. आल्या दिवसापासून माझं डोकं खात होता. "दाजी, तिकडे पाइनचा वास येतो, चाकाखाली बर्फाचं पाणी असतं. तुमच्याकडे काय? वाळू आणि मॉल."

"वाळू?" मी म्हटलं. "अरे, आमच्या हत्ताचे डोंगर बघितलेस तर तुझा हिमालय आमच्याकडे व्हिसा मागेल."

माझी बायको अश्विनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "जा हवं तर. पण तो मला धड हवाय. लग्न आहे त्याचं. तुझ्या जबाबदारीवर पाठवतेय."

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

"इन्शाल्ला नको. हो म्हण."

मी हो म्हटलं.

बरोबर नदीम होता. नदीम मूळचा दापोलीकडचा, रास अल खोरला त्याचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, आणि माझ्या ओळखीतला एकमेव माणूस जो कुठलीच गोष्ट वाढवून सांगत नाही. उलट कमी करून सांगतो. त्याला तिसरा मुलगा झाला ते मला दोन महिन्यांनी कळलं.

'ओ' ची पद्धत त्याचीच. त्याच्या गावाकडे काजूच्या डोंगरात जाताना पुढचा हाक मारतो आणि सगळ्यात शेवटचा ओ देतो. पूर्वी आम्ही ट्रेलवर "ऑल गुड?" असं विचारायचो. एकदा "ऑल गुड!" असं उत्तर भलत्याच एका गोऱ्याने दिलं, आणि आमचा माणूस मागे पंक्चर काढत बसलेला. तेव्हापासून ओ. या डोंगरांत पेशावरी भेटतील, फिलिपिनो भेटतील, अमिराती पोरं भेटतील, पण ओ देणारा आपल्याशिवाय कोण असणार?

हत्ताला धरणाच्या बाजूला पाट्या लावलेले ट्रेल आहेत. आम्ही ते सोडून पुढच्या एका खिंडीत गेलो. खिंडीच्या माथ्यावरून लांबवर धरणाचं हिरवं पाणी दिसतं, आणि फोनला रेंजही मिळते. तिथून मंदारने अश्विनीला व्हिडिओ कॉल केला. "ताई, मानलं. तळं आहे, दरी आहे. फक्त झाडं कुठे ठेवली तेवढं दाजींना विचार."

खिंडीतून दुसऱ्या बाजूला उतार. आधी दगडांतली वेडीवाकडी वळणं, मग वादी, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, आणि पात्र संपतं तिथे खजुराची बाग. गाडी आम्ही आधीच बागेपाशी लावून, सडकेने वळसा घालून धरणाच्या बाजूने वर चढलो होतो. मध्ये कुठेही रेंज नाही.

खरं तर शेवटी नदीमने राहायचं, वाट त्याच्या ओळखीची. पण मंदार म्हणाला, "तुम्ही दोघं पुढे व्हा. दाजी पडताना बघायला मिळतील तर मी का सोडू?"

झालं. मी पुढे, मागे नदीम, शेवटी मंदार. दर वळणाला मी हाक मारली, दर वळणाला ओ आला. प्रतिध्वनी होता म्हणाल, तर प्रतिध्वनी 'मंदार' असा यायला हवा, आणि तो येतही होता. ओ त्याच्यानंतर, वेगळा, मंदारच्या आवाजात.

खाली पोचलो. मी डिकी उघडली, अश्विनीने दिलेली थालीपिठं काढली. वादीच्या तोंडाशी एक मोठा खडक आहे, वाट त्याच्या मागून येते. त्या खडकामागून ओ आला. एवढा जवळून, की मी एक थालीपीठ त्याच्यासाठी बाजूला काढलं.

कोणी आलं नाही.

"काय रे, पंक्चर का?"

"ओ!"

"अरे पंक्चर झालंय का विचारतोय!"

"ओ!"

मी हसलो. म्हटलं, चेष्टा करतोय. नदीम मात्र चावायचा थांबला. म्हणाला, "त्याला दुसरं काहीतरी विचार."

"काय विचारू?"

"काहीही. ज्याचं उत्तर ओ नसेल असं."

मी ओरडलो, "मंदार, तुझ्या होणाऱ्या बायकोचं नाव काय?"

"ओ!"

तोच आवाज. तसाच हसरा. एवढी सायकल हाणून आलेल्या माणसाला धाप लागते, हो की नाही? या आवाजाला धाप नव्हती. दर वेळी अगदी तसाच, रेकॉर्ड लावल्यासारखा.

आम्ही दोघं खडकामागे गेलो. कोणी नाही. तिथे बारीक रेती आहे, तिच्यावर सायकलींच्या चाकांच्या खुणा स्पष्ट होत्या. माझी आणि नदीमची. तिसरी सायकल तिथपर्यंत आलेलीच नव्हती.

इथे मी एरवी सांगितलं असतं की माझे केस उभे राहिले आणि हेल्मेट वर उचललं गेलं. तसं काही झालं नाही. मला फक्त अश्विनीचं "हो म्हण" आठवलं. नदीम म्हणाला, "पाणी घे सगळं," आणि आम्ही सायकली तिथेच टाकून वर चढायला लागलो. मी हाका मारत होतो. आता उत्तर येत नव्हतं.

ऊन चढलं होतं. त्या काळ्या दगडांना मार्चमध्येही हात लावता येत नाही. मी आयुष्यात देवाकडे काही मागितलं नसेल एवढं त्या चढावर मागितलं. पोराच्या पत्रिका छापून झाल्या होत्या हो...

मंदार सापडला तो थेट वर, खिंडीपासून दुसऱ्या वळणावर. म्हणजे निघाल्या निघाल्याच पडला होता. एका कपारीच्या सावलीत डावा हात छातीशी धरून बसला होता. खांद्याचं हाड वर आलेलं, हनुवटी फुटलेली. बाटली पडताना फुटली होती, ओठ पांढरे पडले होते. पाणी पाजलं. दोन घोट गेल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "दाजी, 'आलो आलो' म्हणून किती वेळ लावलात?"

"कोण म्हणालं आलो?"

"तुम्हीच. मी पडल्यावर 'दाजी' म्हणून बोंबललो तर तुम्ही लगेच म्हणालात, 'थांब, हलू नकोस, आलो.' नंतर जितक्या वेळा ओरडलो तितक्या वेळा, 'हलू नकोस, आलो.'"

"आम्ही खाली होतो रे."

"खालून नाही," तो म्हणाला. "वरून. खिंडीतून. म्हणून तर बसून राहिलो. नाहीतर रेंज होती तिथे, सरपटत गेलो असतो."

नदीमने माझ्याकडे बघितलं. मग तो खिंडीत गेला. वर कोणी नव्हतं. त्याने तिथून मदतीला फोन लावला. माणसं आली, स्ट्रेचर आलं, खलास, म्हणजे इकडच्या भाषेत काम झालं.

हॉस्पिटलमधल्या मल्याळी डॉक्टरने फिल्म बघून सांगितलं की एक बरगडीही मोडलीय, फुप्फुसाच्या अगदी जवळ. हलला नाही ते बरं झालं. म्हणजे बघा, जो कोणी त्याला हलू नकोस म्हणाला, त्याचं बरोबर होतं. आणि जो आम्हाला ओ देत राहिला, त्याच्यामुळे पोरगा उन्हात पाण्यावाचून पडून राहिला. हे दोन होते की एकच, मला माहीत नाही.

कॉरिडॉरमध्ये अश्विनीने विचारलं, "तो पडला आणि तू खाली गेलास? मागे बघितलं नाहीस? आणि प्लीज, फिश नको."

मी सांगितलं. वर लिहिलंय तसंच. माझंच मला ऐकवेना, इतकं ते थापेसारखं वाटत होतं. नदीम म्हणाला, "वहिनी, मीही ऐकला ओ." तर ती म्हणाली, "नदीमभाई, तुम्ही याचे मित्र आहात." आणि आत निघून गेली.

त्यानंतर घरात शांतता. मीठ दे, पाणी दे, एवढंच. ती ओरडली असती तर चाललं असतं, तिच्या ओरडण्याने पार रोल्लाच्या बाजारापर्यंत काचा हलतात. तिला वाटत होतं, मी तिच्या भावाला विसरून मजेत खाली आलो, आणि मग माझ्या नेहमीच्या कारखान्यातून एक ओ तयार करून आणला. बारा वर्षांच्या संसारात मी तिला शेकडो थापा मारल्या असतील, पण अशी एकही नाही.

मंदार हात गळ्यात बांधून परत गेला. त्याला एअरपोर्टवर सोडून आलो त्या संध्याकाळी ती बाल्कनीत कपडे घड्या करत होती. मी समोर बसलो. घड्या करायला हात लावला, तिने हात बाजूला केला नाही. धीर करून विचारलं, "तुला अजून वाटतंय ना, मी खोटं बोललो?"

"नाही," ती म्हणाली.

मी चाट पडलो. "का? म्हणजे... कशावरून नाही?"

तिने मंदारचा राहिलेला टी-शर्ट झटकला, बाह्या आत घातल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोटं असतं तर ओ कोणी दिला तेही तू सांगितलं असतंस."