थंडी पडू दे, वहिनी

जूनमध्ये एका मंगळवारी माझा नवरा गेला.

तेरा दिवस इथल्या, कॅनडातल्या कनाटा उपनगरातल्या, मराठी मंडळींनी डबे पोचवले आणि मागच्या अंगणातली कामं स्वतःकडे घेतली. घेतली म्हणजे जाहीर केली. ऑगस्टमध्ये मी आठवण करून दिली, तर नवऱ्याच्या ऑफिसातले भावजी, जन्माने नागपूरचे, म्हणाले, "या उन्हात? वहिनी, मरायचंय का? थंडी पडू दे." मग आपण कुणाशी बोलतोय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी चहा मागितला. मे महिन्यातल्या भर दुपारी डांबरावर क्रिकेट खेळून मोठ्या झालेल्या या माणसाला इथले बत्तीस अंश सोसत नव्हते.

मला एकच काम हवं होतं. कुंपणाशी नवऱ्याने अळू लावलं होतं. जमीन गोठायच्या आत तो कंद खणून काढायचा, बेसमेंटमध्ये वाळूत ठेवायचा, मेअखेर पुन्हा लावायचा. असे नऊ हिवाळे त्याने ते जगवले. मी डेकवर वाचत बसून अधूनमधून "दमलास का?" विचारायचे. एक हिवाळा कंद जमिनीत राहिले असते, तर संपलेच असते.

सप्टेंबर संपता संपता हवा गार झाली. शनिवारी चार भावजी सपत्नीक आले. हातमोजे कोरे होते, कामांची यादी एक्सेलमध्ये करून छापून आणलेली. "काय वेदर आहे! अशात काम करायला मजा येते," असं प्रत्येकाने म्हटलं आणि डेकवर बसून तीनदा चहा घेतला. मग एकीला कुंपण दिसलं.

"अगं बाई, अळू! उद्या वड्या!"

पुढची वीस मिनिटं मात्र झपाट्याने काम झालं. फतफत्याला लागतात म्हणून देठही जमिनीलगत कापले.

"आणि कंद?" मी विचारलं.

"ते फेज टू, वहिनी. नेक्स्ट वीकेंड," पिशवीला गाठ मारत नागपूरचे भावजी म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी वाट पाहिली. त्याच्या पुढच्याही. मग फोन केला.

"वहिनी, आता फारच गारठा आहे हो बाहेर."

पुस्तक मिटून मी फावडं घेतलं. वर पान नाही, देठ नाही. कंद कुठे ते कळेना. अंदाजाने खणत गेले. चौदा सापडले, त्यांतले तीन माझ्याच फावड्याने चिरले गेले.

अकरा बेसमेंटमध्ये आहेत.