कानसेनाचा मुका लॅपटॉप

त्याला सगळे कानसेन म्हणत. कॉलेजात असताना त्याची नजर गेली आणि तेव्हापासून त्याचं सगळं कानांवरच चाललं. मुलाखतींची, बैठकांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्द न शब्द टाइप करून द्यायचा, हे त्याचं पोटापाण्याचं काम. पडद्यावरचं अक्षर लॅपटॉपच त्याला वाचून दाखवायचा. लॅपटॉप जुनापुराणा होता, पण त्यातल्या आवाजाशी कानसेनाची गट्टी जमली होती.

पुढे लॅपटॉप रखडायला लागला. एक ओळ वाचायची तर आधी ढिम्म बसून राहायचा. या मशीनला आता नवी सिस्टिम झेपत नाही, लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकू, पळायला लागेल, असं गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं. त्याने लिनक्स टाकलं, पडदा उजळलेला पाहिला, लॅपटॉप घरपोच केला आणि परगावी निघून गेला. आवाज तपासायचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

लॅपटॉप झटक्यात सुरू झाला, पण बोलेना. कानसेनाने आवाज वाढवायची बटणं दाबली, तारा काढून पुन्हा लावल्या, स्पीकरच्या जाळीला कान लावला. आत पंखा तेवढा घुरघुरत होता. एका कार्यालयाच्या सुनावणीचं मोठं काम दुसऱ्या दिवशी पोचवायचं होतं. दुरुस्तीवाल्याचा फोन लागत नव्हता.

सकाळी त्याने थोरल्या बहिणीला रजा घ्यायला लावली. ताई एका दवाखान्यात फोन घ्यायला बसायची. एकाच घरात राहूनही दोघांचं बोलणं चहा आणि चाव्या यांपुरतं उरलं होतं. आता ती डोळे झाली आणि तो हात. लोकांनी इंटरनेटवर लिहिलेले उपाय तो मोबाइलवर ऐकायचा, आज्ञा टाइप करायचा आणि पडद्यावर काय उमटलं ते ताई वाचायची. आवाजाच्या खान्यात तिला 'डमी आउटपुट' दिसलं. म्हणजे लिनक्सला त्या मशीनचं साउंड कार्ड, आवाज काढणारा भागच, सापडलं नव्हतं.

"पासवर्ड टाकतोयस ना? काहीच उमटत नाहीये."

"तो दिसत नाही, ताई. तसंच असतं."

"मग मी बघत काय बसलेय?"

पुढे आज्ञेतल्या आडव्या रेघांवरून भांडण झालं. रेघ मध्ये आहे की खाली, हे ती प्रत्येक वेळी वेगळंच सांगायची. दुपारी एका अनोळखी माणसाचा सल्ला ऐकून कानसेनाने काहीतरी बदललं आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. ताई पडद्याजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, नुसता काळा पडदा आहे.

त्याचे हात कीबोर्डवरून खाली गळले.

"डोळे गेले तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो," तो म्हणाला. "तेव्हा वाटलं होतं, कान आहेत. आता कानाला ऐकायलाच काही नाही."

ताई उठली आणि चपला घालून बाहेर पडली. दार लागल्याचा आवाज झाला. कंटाळून गेली, असं समजून तो टेबलावर डोकं टेकून बसून राहिला.

ती परतली ती दवाखान्यातला फोनवर बोलायचा हेडफोन घेऊन. यूएसबीचा होता. तिथल्या संगणकाचा आवाज बिघडला तेव्हा तोच कामी आला होता, एवढंच तिला आठवत होतं. कानसेन ताडकन सरळ बसला. तसल्या हेडफोनचं साउंड कार्ड त्याच्या पोटातच असतं, हे त्याला ठाऊक होतं, पण घाबरल्या डोक्याला सुचलं नव्हतं. जुन्या सेटिंगवर परत यायला संध्याकाळ झाली. मग हेडफोन लावला आणि कानात लिनक्सचा एक कोरडा, पत्र्यासारखा आवाज बोलू लागला. ओळखीचा आवाज गेला तो गेलाच.

त्याने आधी मेल उघडली. कार्यालयाने वाट पाहून काम दुसऱ्याला दिलं होतं. पुढच्या कामांबद्दल अवाक्षर नव्हतं. ताईला काहीच ऐकू येत नव्हतं. ती शेजारी उभी राहून त्याचा चेहरा बघत होती.

"काय म्हणतंय?"

"काम गेलं."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. त्याने लगेच दुसऱ्या एका कार्यालयाला अर्ज लिहायला घेतला. नव्या आवाजाचे उच्चार त्याला नीट लागत नव्हते, चुका होत होत्या. ताई पडद्यावर बोट ठेवून त्या सांगत राहिली.