छत्री म्हणजे चष्मा

गल्लीत त्यांना सगळे पंपवाले म्हणत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बसून कुठला पंप कधी सुरू व्हायचा, कुठली झडप कधी उघडायची, हे ठरवणारे प्रोग्राम ते तीस वर्षं सांभाळत होते. सकाळी नऊचा पंप तर अजून त्यांच्या डोळ्यांदेखतच सुरू व्हायचा. पाणी वेळेवर आलं तर कुणी त्यांची आठवण काढत नसे, आणि दहा मिनिटं उशीर झाला की अख्खी गल्ली काढायची. आता असल्या माणसानं बावन्नाव्या वर्षी गप घरी बसावं की नाही? पण कसलं काय! संध्याकाळच्या कॉलेजात प्रोग्रामिंगच्या भाषांचा सिद्धांत शिकायला त्यांनी नाव घातलं आणि त्याच महिन्यापासून दर रविवारी सकाळी एका निवृत्त शास्त्रीबुवांकडे वेदान्त शिकायला जाऊ लागले.

"दोन डगरींवर पाय ठेवताय," बायको म्हणाली. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. तोंडात टाचण्या होत्या, तरी टोमणा स्पष्ट ऐकू आला. "मधल्या मध्ये आपटाल."

"अगं, दोन्हीकडे एकच शिकवतात. नाव आणि वस्तू यांचं काय नातं असतं ते."

"मग एकाच ठिकाणी जा की. चपला तरी कमी झिजतील."

तिचंही खरंच होतं म्हणा. कॉलेजातल्या बाई वयानं त्यांच्या लेकीएवढ्या. फळ्यावर एक सूत्र लिहून सांगायच्या, यातल्या अक्षराचं नाव बदला, फक्त सगळीकडे सारखंच बदला, म्हणजे अर्थाला धक्का लागत नाही. एवढंच बघा, की नवं नाव तिथे आधीच दुसऱ्या कुणाचं नसावं, नाहीतर घोटाळा. शास्त्रीबुवा पाण्याचं भांडं पुढे सरकवून म्हणायचे, याला काहीही म्हणा, तहान भागली म्हणजे झालं. मग डोळे मिटून हळूच पुढे सांगायचे, "सगळ्याला नाव देता येतं हो. जो ही नावं देत बसलाय, त्याला कोण देणार?" हे ऐकून पंपवाल्यांना गुंगी यायची. घरी परतताना दुकानांवरच्या पाट्या, खांबावरचे दिवे, कठड्यावर झोपलेलं मांजर यांच्यावरून नावं धुऊन निघाल्यासारखी वाटायची, आणि सगळं कसं ओलं, नवं दिसायचं. एकदा तर ते स्वतःच्याच दारावरून पुढे गेले.

मग एका मंगळवारी फ्रॉकचा गळा कापता कापता बायको खाली कोसळली. मेंदूत रक्ताची गुठळी. हातपाय वाचले, काही दिवसांनी बोलणंही परत आलं, पण वस्तूंची नावं सगळी इकडची तिकडे झाली. घरी आल्यावर ती मशीनसमोर बसली आणि कात्रीकडे बोट दाखवून म्हणाली, "जरा पाऊस द्या."

पंपवाले मोरीत जाऊन, नळ सोडून रडले.

आठ दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की कात्रीला ती दर वेळी पाऊसच म्हणते. चष्म्याला छत्री. कपाला खिडकी. लेकीला बशी, आणि लेक फोनवर हसायची की रडायची ते कळत नसे. पण सगळीकडे सारखं! पंपवाले ताडकन उठले आणि त्यांनी एक वही केली. डावीकडे तिचा शब्द, उजवीकडे आपला. तीन महिन्यांत बेचाळीस शब्द झाले आणि ते ती भाषा घडाघडा बोलू लागले.

"खिडकीत चहा ओतू का?"

"ओता. आणि तो ढग बंद करा, डोळ्यांवर येतोय."

ढग म्हणजे दिवा. ते ढग मालवायचे, आणि संधिप्रकाशात दोघं आपापली खिडकी हातात धरून बसायची. टेबलावरून पाऊस खाली पडला तर तो उचलून ठेवायचा. बाहेरचं कुणी ऐकलं असतं तर त्याला वेड लागलं असतं. पंपवाले मात्र सुखात होते, लाज वाटावी इतके सुखात. जे दोन्हीकडे नुसतं शिकले, ते आता घरात राहायला आलं होतं.

एकच गोष्ट सलत होती. शास्त्रीबुवांनी सहज विचारलं होतं, "आणि तुम्हाला काय म्हणते?" पंपवाल्यांनी वही चाळली. लेक होती, शेजारीण होती, ते स्वतः कुठेच नव्हते. त्यांनी पहिल्या पानावर एक ओळ रिकामी ठेवली आणि वाट बघू लागले. आपण तिला ओळखू तरी येतो का, ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

पुढच्या तपासणीला स्पीच थेरपिस्ट मुलीनं कात्रीचं चित्र समोर धरलं. "हे काय, काकू?"

"पाऊस."

"म्हणजे कात्री!" पंपवाल्यांनी तत्परतेनं सांगितलं आणि अभिमानानं वही पुढे केली.

मुलीनं वही शेवटपर्यंत वाचली. "काका, किती मनापासून केलंत हो. आणि किती वाटोळं केलंत! काकूंनी आपली भाषा परत शिकायची, तर तुम्हीच त्यांची शिकून बसलात. मग त्यांनी धडपडावं कशाला? उद्या कपडे शिवून घ्यायला येणारं गिऱ्हाईक ही वही घेऊन येणार आहे का?"

पंपवाल्यांनी वही मागे घेतली. तेवढ्यात मुलीनं त्यांच्याकडेच बोट केलं. "बरं काकू, हे कोण?"

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही कपाटात कुलूपबंद झाली. ते कामाला निघाले, दारापर्यंत पोचले.

"अहो, छत्री!" आतून हाक आली.

त्यांचा चष्मा दाराजवळच्या मशीनवर राहिला होता. हात सवयीनं तिकडे गेलाच होता. त्यांनी तो मागे घेतला, काळजावर दगड ठेवला, कोपऱ्यातली खरी छत्री उचलली आणि जिना उतरू लागले. बाहेर रखरखीत ऊन पडलं होतं.

"अहो! छत्री राहिली!"

"घेतली ना," त्यांनी छत्री वर करून दाखवली.

तिचा चेहरा असा पडला, की ते जिन्यातच थांबले. इतके दिवस याच एका माणसाला सगळं कळत होतं, आणि आज त्यानंही पाठ फिरवली. ती दारापर्यंत आली. "ती नाही... डोळ्यांची ती... च..." तिनं चौकटीवर हात आपटला. "अहो, चष्मा! चष्मा राहिला, चष्मा! डोकं फिरलंय का तुमचं, एवढ्या उन्हात छत्री घेऊन निघालात ते?"

आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

पंपवाले मटकन पायरीवर बसले. चष्मा चष्म्याला मिळाला होता, छत्री छत्रीला. मग आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. अहो! बोलणं परत आलं त्या पहिल्या दिवसापासून ती त्यांना अहोच म्हणत होती, एकदाही न अडखळता. बेचाळीस शब्द टिपून घेणाऱ्या या शहाण्याला तेवढाच ऐकू आला नव्हता. तिनं त्यांना जन्मात कधी नाव दिलं नव्हतं, मग ते हरवणार कुठून?

"मग काल गप्प का बसलीस?" त्यांनी विचारलं.

"तिच्यासमोर काय म्हणू? अहो?" ती म्हणाली, आणि आतून चष्मा आणून, पदरानं त्यांचे डोळे पुसून तिनं तो त्यांच्या नाकावर चढवला.

त्या दिवशी गल्लीत पाणी दहा मिनिटं उशिरा आलं, आणि सगळ्यांनी पंपवाल्यांच्या नावानं खडे फोडले.