पाच दिवसांचं व्याज

मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आम्ही नवराबायको इतवारीत गेलो होतो. दुकानदार म्हणाला, रोख दिले तर दोन हजार कमी करतो. पेन्शन जमा व्हायला पाच दिवस होते. मी शेजारच्या एटीएममध्ये क्रेडिट कार्ड घातलं, चाळीस हजार काढले आणि मोठा तीर मारल्याच्या थाटात परत आलो. कार्डावर रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज लागतं, हे मला कुठे ठाऊक होतं!

पेन्शन आली त्याच दिवशी बँकेत जाऊन कार्डाचे पैसे फेडायला चाळीस हजारांचा चेक दिला आणि लग्नाच्या धावपळीत सगळं विसरलो. मग बिल आलं. रोख काढण्याचा आकार हजाराच्या वर, आणि व्याज पाच दिवसांचं नाही, पूर्ण महिन्याचं. दोन हजार वाचवायला गेलो आणि अडीच हजारांना बुडालो.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," बायको म्हणाली.

मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, तुमच्यानं होत नाही हे आता. भरून टाका, अन् कार्ड, पासबुक सगळं मले देऊन टाका. मी पाहीन."

बोलण्यात माया होती, म्हणूनच जास्त झोंबलं. पस्तीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलर सांभाळला, आणि आता एक पासबुक सांभाळता येत नाही? रागाच्या भरात बोलून गेलो, की हे व्याज परत मिळवलं नाही तर सगळं तुझ्या हवाली करतो. दुसऱ्याच दिवशी बँक गाठली.

बँकेतल्या मॅनेजर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "काकाजी," त्या म्हणाल्या, "तुमचा चेक आमच्याकडे महिनाअखेरीस आला. चेक टाकायच्या पेटीत उशिरा टाकला असेल तुम्ही."

पेटीत मी काही टाकतच नाही. आमच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट संपली तरी पुढच्या माणसाने लॉगबुकात वेळ टाकून सही केल्याशिवाय खुर्ची सोडायची नसे. ती खोड अंगात मुरली आहे. गॅसवाल्याकडूनही मी वेळ लिहून घेतो. त्या दिवशी काउंटरवरचा क्लार्क पेटीकडे बोट दाखवत होता, तरी मी चेक त्याच्याच हातात दिला आणि स्लिपवर वेळ टाकून सही घेतली होती. ती स्लिप मात्र खिशात नव्हती.

घरी येऊन कपाट उपसलं. शेवटी बायकोने स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची तार काढून पुढे केली. माझ्या त्या खोडीला जन्मभर हसणाऱ्या बाईने एकेक चिठ्ठी तारेत ओवून ठेवली होती.

"काहून पाहून राहिले असे?" ती म्हणाली. "घ्या अन् जा."

स्लिपवर तारीख होती, सव्वाअकराची वेळ होती आणि सही होती. मॅनेजर बाईंनी ती दोनदा वाचली आणि क्लार्कला बोलावलं. त्याने सही ओळखली. चेक त्याच्याच ड्रॉवरमध्ये राहिला होता.

मी म्हटलं, "रोख काढली ती चूक माझी. तिचा आकार देतो, पाच दिवसांचं व्याजही देतो. पुढचा एक पैसा देणार नाही."

पुढच्या बिलात जादाचं व्याज परत जमा होऊन आलं. हिशेब केला तर भांड्यांवरच्या सवलतीतले सहाशे रुपये हाती उरत होते. इतकं बरं मला निवृत्तीनंतर कधी वाटलं नव्हतं. मी मुलाला फोन लावून पहिल्यापासून सगळं ऐकवलं, तारेसकट.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, माझ्याही कार्डाचं एक बिल पाठवून राहिलो. जरा पाहून देता का?"

"पाठव," मी म्हटलं. "पण वेळ टाकून, सही करून पाठव."