डाव्या तोंडाचा शंख
जुन्या ब्रशने दगड धुताना खडूसारखा वास येतो आणि मला वरोऱ्याची ती दुपार आठवते. निवृत्तीनंतर मी नुकतीच जीवाश्म ओळखायला शिकले होते. हौशी संग्राहकांच्या बैठकीत बोलण्याचाही मला संकोच वाटे. त्या दुपारच्या बैठकीत, तलावावर मासेमारी करणाऱ्या एका बाईंनी शेताच्या बांधावर सापडलेला, दगड झालेला शंख माझ्यापुढे ठेवला. "समुद्रातलाच हाये ना, बाई? माही पोरगी समुद्राकाठी दिली. समुद्र इथी आला असन, तर ते काही लय दूर नाई गेली." मी शंखाचे टोक वर धरून भिंगातून पाहिले. तोंड डावीकडे उघडत होते; समुद्री शंखांचे बहुधा उजवीकडे असते, आणि या भागातल्या खडकांत डाव्या तोंडाचे शंख तळ्यातल्या गोगलगायींचे सापडतात. "काय दिसते, बाई?" त्यांनी विचारले. "हा गोड्या पाण्यातला आहे," मी कसेबसे म्हणाले, "फार पुरातन तळ्यातला." त्यांनी शंख पदराच्या गाठीत बांधला. "मंग पोरीलेच पाठवतो. तिच्याकडे समुद्र हाये, तलाव नाई." माझी मुलगीही आता दूरदेशी राहते. तिच्याकडे काय नाही, हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.